ग्राफीन घातल्यावर एपॉक्सी घट्ट का होतं आणि ताठ किती होतं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर कडक होणारा माल, कुणाला नवीन नाही. फाउंड्रीचे पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने) आणि कोअर बॉक्स करणारे, जळालेल्या मोटारी रिवाइंड करणारे, मशीनचा झिजलेला भाग भरून काढणारे, फायबरची कव्हरं करणारे, सगळ्यांच्या मांडणीवर रेझिन आणि हार्डनर असे दोन डबे असतात. त्यात पावडर मिसळायची सवयही जुनीच. ॲल्युमिनियमची पावडर घातली की पॅटर्न लवकर झिजत नाही आणि जॉबमधली उष्णता बाहेर पडते. सिलिका किंवा अल्युमिना घातली की विजेच्या कामाचं कास्टिंग कमी आक्रसतं. (अल्युमिना तर आपल्या यमनापूरच्या हिंडाल्कोतच तयार होते.) या पावडरी सढळ हातानं घालतात, कधी कधी रेझिनच्या वजनाइतक्यासुद्धा. तेवढं घातल्यावर माल घट्ट होणार हे सगळे गृहीतच धरतात.

ग्राफीनचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्याची काळी, हलकी, उडणारी पावडर आता ऑनलाइन सहज मिळते, आणि मात्रा सांगतात ती किलोला एक ग्रॅम, फार तर पाच ग्रॅम. एका पॅटर्न मेस्त्रींनी ती वापरून पाहिली आणि विचारलं, "सर, चमचाभर टाकली आणि रेझिन वताय येईना झालंय की. दुसऱ्या पाकिटातली तेवढीच टाकली, तर काय फरकच नाही बघा. ह्यातली खरी कुठली म्हणायची?"

प्रश्न अगदी नेमका आहे. उत्तर बहुतेक वेळा असं, की जिनं त्रास दिला ती खरी. ज्या गुणामुळे ग्राफीन एपॉक्सीला ताठ करतं, त्याच गुणामुळे ते ओतताना आडवं येतं. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे, त्याचा आकार. म्हणून आधी आकाराचं बोलू.

पेन्सिलीत असतं ते ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या पापुद्र्यांची चळत. त्यातला एक सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. जाडी ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे एका अणूइतकी. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये साध्या चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत हा एकेरी थर वेगळा करून दाखवला. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात या थराला अतिसूक्ष्म सुईनं दाबून त्याचा ताठपणा मोजला गेला, तो भरला सुमारे १,००० गिगापास्कल. गिगापास्कल हे ताठपणाचं एकक. पोलाद २०० च्या आसपास, ॲल्युमिनियम ७०, आणि आपलं नेहमीचं सुकलेलं एपॉक्सी जेमतेम ३. आकडा जितका मोठा, तितका तोच भार टाकल्यावर तो पदार्थ कमी वाकतो. हा ताठपणा झाला. मजबुती, म्हणजे किती भाराला तुटतं, ही वेगळी गोष्ट, आणि चिवटपणा, म्हणजे चीर गेल्यावर ती किती अडते, तो तिसराच. जाहिरातीत तिन्ही एकाच पातेल्यात घालतात. या लेखात विषय मुख्यतः ताठपणाचा.

एक ग्रॅम ग्राफीनचे सगळे पापुद्रे सुटे केले आणि दोन्ही बाजू धरल्या, तर पृष्ठभाग होतो २,६३० चौरस मीटर. शेतकऱ्याच्या हिशेबात २६ गुंठे. किलोभर रेझिनमध्ये एक ग्रॅम घातलं म्हणजे लिटरपेक्षा लहान डब्यात २६ गुंठे क्षेत्राच्या भिंती उभ्या केल्या. त्या सारख्या अंतरावर लागल्या तर दोन भिंतींत मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा अंतर उरत नाही. म्हणजे रेझिनचा कुठलाही थेंब कुठल्या ना कुठल्या भिंतीला लागूनच राहणार.

बाजारातली पावडर मात्र अशी एकेरी नसते. तिच्यात बहुधा वीस-तीस थरांच्या गड्ड्या असतात, पाच-दहा नॅनोमीटर जाड आणि पाच-दहा मायक्रॉन रुंद (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वीस थर एकमेकांना चिकटलेले असले की ते २६ गुंठे सव्वा गुंठ्यावर येतात. आणि ती गड्डीही नीट सुटली नाही, नुसती गुठळी राहिली, तर उरतं ते जवळजवळ साधं ग्रॅफाइट, महाग भावानं घेतलेलं.

ओतताना काय होतं

द्रवात बारीक गोळ्या घातल्या तर तो किती घट्ट होतो, हे गणित आइन्स्टाइननं १९०६ मध्ये मांडलं. त्याचा पहिला आकडा चुकला होता. प्रयोगांशी जुळेना म्हणून १९११ मध्ये त्यानं तो दुरुस्त केला. दुरुस्त नियम असा, की आकारमानानं एक टक्का गोल कण घातले तर घट्टपणा अडीच टक्के वाढतो. कण मोठे की लहान, याचा इथे काही संबंध नाही. ॲल्युमिनियमची पावडर ओंजळभर घातली तरी माल ओतता येतो, त्याचं कारण हेच. तिचे कण पुष्कळसे गोलसर असतात.

पापुद्र्याला हा नियम लागू होत नाही. सणाच्या आदल्या दिवशी खडेबाजारात गर्दी असताना एखादा हातात नारळ घेऊन चालला तर कुणाला कळतही नाही. तोच डोक्यावर आडवा पत्रा घेऊन निघाला आणि मध्येच वळला, की पत्र्याच्या पूर्ण घेराइतकी जागा सगळ्यांना मोकळी करून द्यावी लागते. पत्र्याचं वजन किती, जाडी किती, हे इथे गौण. तो वळताना जेवढी जागा झाडतो तेवढी त्याची. असे दहा-बारा पत्रेवाले एकदम आले तर बाजार ठप्प. पण सगळ्यांनी पत्रे रस्त्याच्या दिशेनं लांबट धरले आणि एकाच बाजूला चालू लागले, तर वाट निघते.

आता हेच आकड्यात. पापुद्रा जाडीच्या हजारपट रुंद असेल, तर गरगर फिरताना तो स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ६६७ पट जागा अडवतो. साधा भागाकार केला तर कळतं, की डब्यात आकारमानानं ०.१५ टक्के ग्राफीन झालं की प्रत्येकाचा घेर शेजाऱ्याच्या घेराला भिडला. मोकळी जागा संपली. एपॉक्सीची घनता १.२ आणि ग्राफीनची २.२ धरली तर हे वजनानं पावणेतीन दशांश टक्के, म्हणजे किलोला पावणेतीन ग्रॅम. मेस्त्रींचा चमचा इथेच नडला.

या मर्यादेच्या पुढे रेझिनचं वागणंच बदलतं. पापुद्रे एकमेकांना टेकून डबाभर एक सैल जाळं उभं करतात. हात लावला नाही तर माल जेलीसारखा बसून राहतो, डबा तिरका केला तरी हलत नाही. जोरात ढवळलं की जाळं मोडतं, पापुद्रे प्रवाहाच्या दिशेनं आडवे होतात आणि माल एकदम पातळ वाटतो. ढवळणं थांबवलं की काही वेळानं पुन्हा घट्ट. शुद्ध रेझिन असं करत नाही. ते हळू ढवळा किंवा जोरात, घट्टपणा तोच. विजेचं वहनही याच जाळ्यातून होतं, पण त्यासाठी पापुद्रे एकमेकांच्या काही नॅनोमीटर इतके जवळ यावे लागतात. प्रवाह अडायला तेवढी जवळीक लागत नाही, मधलं रेझिनच दोघांना बांधून ठेवतं. त्यामुळे माल आधी घट्ट होतो आणि वीजवाहक, झालाच तर, आणखी मात्रा वाढवल्यावर होतो.

यातून एक साधी तपासणी निघते आणि ती मला फार उपयोगाची वाटते. फिरत्या दांड्याचा व्हिस्कॉसिटी मीटर जवळच्या कॉलेजात किंवा रंगाच्या कारखान्यात असतो. त्यावर एकाच दांड्यानं, एकाच तापमानाला, मिनिटाला २ फेऱ्यांच्या आणि मग २० फेऱ्यांच्या वेगानं घट्टपणा मोजायचा आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. शुद्ध रेझिनचा भागाकार एकच्या आसपास येतो. ग्राफीन नीट विखुरलं असेल तर तो दोन, तीन किंवा त्याहूनही जास्त येतो. ग्राफीन घालूनही तो एकच राहिला, तर पावडर गुठळ्यांतच पडून आहे. गुठळी म्हणजे पुन्हा गोल कण, आणि गोल कण वाट अडवत नाहीत. अपवाद आहेत. तयार घोळ विकत घेतला असेल तर त्यात पातळ करणारं काहीतरी आधीच घातलेलं असू शकतं, आणि मात्रा फारच कमी असेल तर जाळं उभंच राहत नाही. तरीही "आमचं ग्राफीन कितीही घाला, रेझिन जराही घट्ट होत नाही" असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर मी पाकीट तिथेच ठेवीन.

घट्ट होणं नेहमी वाईट असतं असंही नाही. पॅटर्नच्या उभ्या भिंतीवर जेल कोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, लावायचा तर तो ओघळू नये हीच अपेक्षा असते. उभ्या जोडावर लावायच्या ॲढेसिव्हचंही तसंच. तिथे ग्राफीनचं जाळं फुकटात कामाला येतं. उलट ग्लासच्या कापडात व्हॅक्यूमनं रेझिन ओढायचं असेल तर घट्टपणा काहीशे सेंटिपॉइजच्या (हे घट्टपणाचं एकक, पाणी साधारण एक) आतच लागतो, आणि तिथे ग्राफीन दुहेरी अडचण करतं. एक तर माल पुढे सरकत नाही. शिवाय कापड गाळणीचं काम करतं, काळा माल पहिल्या वीतभरात अडकतो आणि पुढे पोचतं ते जवळजवळ शुद्ध रेझिन. जॉब एका टोकाला काळा, दुसऱ्या टोकाला फिका दिसला तर कारण हे.

डबा ते जॉब, मधला अर्धा तास

ओतणं आणि ताठपणा हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. माझ्या मते एपॉक्सीत त्यांना जोडणारा एक क्षण आहे, तो म्हणजे जेल होण्याचा. रेझिन आणि अमाइन (हार्डनरचा नेहमीचा प्रकार) यांच्या जोडीत प्रक्रिया साधारण ५८ टक्के झाली की रेणूंचं जाळं डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होतं, आणि वाहणं संपतं. त्या क्षणी पापुद्रे जिथे, ज्या दिशेला, जेवढे विखुरलेले असतील, तिथेच कायमचे अडकतात. ताठपणाला मिळतं ते एवढंच. सकाळी मिसळताना किती छान विखुरलं होतं, याला नंतर किंमत नाही.

आणि जेल होण्याआधी बरंच काही बिघडू शकतं. भट्टीत ठेवलं की रेझिन आधी पातळ होतं, मग घट्ट. साध्या रेझिनचा घट्टपणा २५ अंशांना ११ ते १४ हजार सेंटिपॉइज, म्हणजे पाण्याच्या दहा हजार पटीहून जास्त. ४० अंशांवर नेलं की तो पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतो. तेवढ्या मोकळ्या अवधीत पापुद्रे पुन्हा एकमेकांकडे ओढले जाऊन चिकटतात. त्यांचा मूळ स्वभावच चळत करून राहण्याचा. म्हणून एकदम तापवण्यापेक्षा आधी खोलीच्या तापमानाला जेल होऊ द्यायचं आणि मग भट्टीत घालायचं, हा रस्ता पुष्कळदा बरा पडतो.

हवामानाचं इथे थोडं वेगळं सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात रात्री पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो. शेडमध्ये ठेवलेलं रेझिन सकाळी हलतच नाही, आणि कधी कधी त्यात साखरेसारखे दाणे धरतात. ते दाणे रेझिनचेच स्फटिक आहेत. डबा ५० अंशांच्या पाण्यात बसवला की विरघळतात. हे न करता त्यात ग्राफीन घातलं तर कुठली गुठळी कशाची, हे ओळखता येत नाही. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. अमाइन हार्डनर ओलसर हवेत उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी ओढून घेतो आणि पृष्ठभागावर तेलकट पांढरट थर येतो. खानापूरकडच्या पावसात हे रोजचंच.

आणखी एक स्थानिक बाब, जी पुस्तकात नसते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब मुळात आठ-नऊ टक्के कमी. व्हॅक्यूम गेजवर ७६० मिलिमीटर कधीच दिसणार नाही, ६९५ च्या आसपास काटा थांबतो. पंप बिघडला म्हणून तो खोलत बसू नका. पण घट्ट मालातले बुडबुडे काढताना वेळ जास्त द्या. ग्राफीनचं जाळं बुडबुड्यांनाही धरून ठेवतं, आणि आत राहिलेला बुडबुडा ताठपणा आणि मजबुती दोन्ही खातो. ग्राफीननं मिळवलेलं हवेनं घालवलं, असं पुष्कळ वेळा होतं.

ताठपणा किती वाढतो

आता मुख्य हिशेब. वजनानं एक टक्का ग्राफीन म्हणजे आकारमानानं ०.५५ टक्के. ते सगळं १,००० गिगापास्कलचं आणि सगळं भाराच्या दिशेनं आडवं धरलं, तर ३ गिगापास्कलच्या एपॉक्सीत साडेपाचची भर पडून आकडा साडेआठपर्यंत जायला हवा. व्यवहारात असं होत नाही. दहा-वीस टक्के वाढ आली तरी काम चांगलं झालं असं मी धरतो. मधलं सगळं कुठे जातं?

पहिली गळती दिशेची. पापुद्रे वाटेल तसे पसरले तर हिशेबातला वाटा ८/१५ वर येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. ब्रशनं पातळ थर मारला किंवा अरुंद फटीतून माल ओतला तर ते आडवे होतात आणि त्या दिशेला ताठपणा जास्त मिळतो. जाड ठोकळ्यात ओतलं तर नाही. त्यामुळे पातळ पट्टीवर काढलेला आकडा जाड जॉबला लागू पडेलच असं नाही.

दुसरी गळती मोठी आहे. भार ग्राफीनवर थेट पडत नाही. एपॉक्सी ताणलं जातं, ते पापुद्र्याच्या पृष्ठभागाला खेचतं, आणि त्या खेचण्यातून ताण पापुद्र्यात शिरतो. कडेला तो शून्य असतो, आत जाता जाता वाढतो. मँचेस्टरच्याच संशोधकांनी २०१० मध्ये एका पापुद्र्यावर लेझरचा प्रकाश टाकून ही वाढ प्रत्यक्ष मोजली. पूर्ण ताण पोचायला कडेपासून मायक्रॉन-दोन मायक्रॉन अंतर लागतं, म्हणून पापुद्रा निदान ३० मायक्रॉन रुंद असावा, असा त्यांचा निष्कर्ष. बाजारात मिळतात ते पाच-दहा मायक्रॉनचे. त्यांचा बराचसा भाग कडेतच मोडतो. शिवाय ते सुरकुतलेले असतात, आणि सुरकुती सरळ होईपर्यंत पापुद्रा काहीच ओझं उचलत नाही.

तिसरी गळती गड्डीच्या आत होते. बाहेरच्या दोन थरांना एपॉक्सी धरतं, पण आतले थर एकमेकांवर नुसते टेकलेले, सहज घसरणारे. ग्रॅफाइट वंगण म्हणून वापरतात ते याच घसरण्यामुळे. वीस थरांच्या गड्डीत मधले बरेच थर फुकट बसून असतात.

आणि यातला सगळ्यात गमतीचा भाग. ग्राफीन किती ओझं उचलेल हे त्याच्या स्वतःच्या ताठपणापेक्षा त्याला धरणाऱ्या पदार्थाच्या ताठपणावर ठरतं. रबरात घातलेला पापुद्रा अगदी थोडं उचलतो, कारण रबर त्याला नीट खेचूच शकत नाही. ताठ एपॉक्सीत तोच पापुद्रा कितीतरी पट जास्त उचलतो. म्हणून लवचिक हार्डनर वापरून मग ग्राफीननं ताठपणा भरून काढू, हा बेत फसतो.

इथे एका प्रसिद्ध प्रयोगाबद्दल सांगायला हवं, कारण त्याचे आकडे सगळीकडे फिरतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधल्या गटानं वजनानं फक्त ०.१ टक्का ग्राफीन घालून एपॉक्सीचा ताठपणा ३१ टक्के आणि मजबुती ४० टक्के वाढल्याचं दाखवलं. वर केलेलाच हिशेब इथे करून पाहा. ०.१ टक्का म्हणजे आकारमानानं ०.०५५ टक्के, त्याचे १,००० गिगापास्कल धरून भर पडते ०.५५ ची, म्हणजे १८-१९ टक्के. तीही सगळे पापुद्रे आडवे, पूर्ण ताणलेले, एकेरी धरून. ३१ त्यात बसत नाहीत. याचा अर्थ नुसतं ग्राफीननं ओझं उचललं एवढ्यानं हे होणार नाही, आजूबाजूचं एपॉक्सीही बदललेलं असणार. पापुद्र्याला लागून असलेल्या रेझिनचे रेणू कमी हलतात, हार्डनरशी प्रक्रिया वेगळ्या गतीनं होते, जाळं जास्त दाट किंवा विरळ बनतं. ते २६ गुंठे आठवले तर एवढ्याशा मात्रेनं सगळं रेझिन बदलू शकतं यात नवल नाही. पण हा बदल त्या रेझिनचा, त्या हार्डनरचा, त्या मिसळण्याच्या पद्धतीचा. तुमच्या डब्यात तो तसाच होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि उलट्या दिशेनंही होऊ शकतो. ग्राफीन ऑक्साइड वापरलं तर त्यावरचे ऑक्सिजनचे गट अमाइनशी प्रक्रिया करतात आणि थोडा हार्डनर तिथेच खर्ची पडतो. प्रमाण बिघडलं की एपॉक्सी मऊ राहतं, आणि दोष ग्राफीनला लागतो.

मिसळण्याबद्दल लोक फार विचारतात, पण तिथे जादू काही नाही. हातानं किंवा ड्रिल मशीनला पातं लावून ढवळून गड्ड्या सुटत नाहीत. तीन रोळांची गिरणी, जी छपाईची शाई करणाऱ्यांकडे असते, ती चांगलं काम करते. दोन रोळांतून माल पिळून निघताना पापुद्रे सुटतात आणि हवाही कमी शिरते. ध्वनिलहरींचा दांडा वापरतात तोही चालतो, पण जास्त वेळ चालवला की पापुद्रे मोडून लहान होतात आणि रुंदी-जाडीचं गुणोत्तरच जातं, ज्याच्यासाठी पैसे मोजले ते. ॲसिटोनमध्ये आधी विखुरून मग रेझिनमध्ये घालायची पद्धत सोपी वाटते. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, तरी घट्ट मालातून त्याचा शेवटचा अंश निघता निघत नाही, आणि राहिला की एपॉक्सीला मऊ करतो. काहीही करा, पावडर ओतताना पंखा बंद आणि नाकाला चांगला मास्क. ही धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही.

मग साध्या पॅटर्नला ग्राफीन घालावं का? माझं मत विचाराल तर नको. पॅटर्नची झीज आणि उष्णता ॲल्युमिनियमची पावडर स्वस्तात सांभाळते, आणि ताठपणा हवा असेल तर भिंत थोडी जाड करणं किंवा मागे रिब देणं जास्त खात्रीचं. ग्राफीनला जागा आहे ती जिथे वजन ग्रॅमात मोजतात, जाडी वाढवता येत नाही, किंवा ताठपणासोबत वीज वाहून जायला हवी तिथे. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझसारख्या ठिकाणी होणाऱ्या कामांच्या वळणाचे जॉब, किंवा पातळ ॲढेसिव्हचे जोड.

तरी करून बघायचंच असेल, तर फरक स्वतः मोजा. त्याला मोठी लॅब लागत नाही. ४ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटर रुंद पट्ट्या ओता, काही साध्या आणि काही ग्राफीनच्या, एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या रेझिनच्या. दोन टेकूंवर १०० मिलिमीटर अंतर ठेवून पट्टी ठेवा, मधोमध एक किलोचं वजन टांगा आणि खालून डायल गेज लावा. साधी पट्टी सुमारे १.२८ मिलिमीटर वाकेल. ताठपणा १५ टक्के वाढला असेल तर १.११. फरक ०.१७ मिलिमीटरचा, डायल गेजला तो सहज दिसतो. वजन टांगल्यावर प्रत्येक वेळी ठरलेल्या वेळानंच, समजा मिनिटभरानं, वाचा, कारण एपॉक्सी भाराखाली हळूहळू आणखी वाकत राहतं.

मात्र एक मेख आहे. पट्टीचं वाकणं जाडीच्या घनावर ठरतं. काळी पट्टी ४ ऐवजी ४.२ मिलिमीटर झाली, आणि घट्ट माल साच्यात नीट सपाट बसत नाही म्हणून तशी ती होतेच, तर ग्राफीनशिवायच ती पंधरा-सोळा टक्के ताठ दिसेल. म्हणून वजन टांगण्याआधी प्रत्येक पट्टीची जाडी मायक्रोमीटरनं दोन्ही टोकांना आणि मधे मोजा, आणि तिच्यावरूनच हिशेब करा.